खाणीवर सोलर आणि बॅटरी बसवायचीय? आधी हे कागद करा

खाण गावापासून लांब, लाइन एकतर नाहीच नाहीतर दिवसातून चारदा जाते, सगळा भार डीजीवर (डिझेल जनरेटर), आणि मग डिझेलचं बिल बघून शेठ म्हणतात सोलर लावून टाकू. लावा की, पण बरेच जण पॅनल उतरवून घेतात आणि मग परवानगीसाठी पळतात, तसं करू नका.

स्वतःच्या वापरासाठी वीज बनवायला लायसन्स लागत नाही, विद्युत कायदा 2003 चं कलम 9. प्लांट दुसऱ्या कोणाबरोबर भागीदारीत असेल तर वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के आणि वर्षाच्या विजेपैकी किमान 51 टक्के वापर त्यांचाच, तरच तो कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापराचा प्लांट. प्लांट लांब असून वीज ग्रिडमधून आणायची असेल तर ग्रीन ओपन अॅक्सेस, म्हणजे हरित वीज दुसरीकडून ग्रिडच्या तारांवरून आणायची परवानगी, 2022 चे नियम. त्याला किमान 100 किलोवॅटची मंजूर मागणी लागते, कॅप्टिव्हला ती अट नाही, अर्ज ऑनलाइन. पीएम सूर्य घर योजनेची सबसिडी मिळेल का असं दर वेळी कोणीतरी विचारतंच, ती फक्त घरांना आहे.

आता तपासणी कोणाची? खाणींच्या कायद्याखाली (आधी खाण कायदा 1952, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी ओएसएच कोड 2020) येत असाल तर राज्याच्या विद्युत निरीक्षकाकडे जाऊन उपयोग नाही, खाणीतली वीज डीजीएमएसचे (केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय) इलेक्ट्रिकल अधिकारी बघतात, विदर्भवाल्यांना नागपूर ऑफिस. कोकणातली जांभ्याची चिरेखाण 6 मीटरपेक्षा खोल नाही, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं नाहीत आणि सुरुंग लावत नाही, असं तिन्ही असेल तर कायद्यातली बरीच कलमं लागत नाहीत, सगळी सुटतात असं मात्र नाही.

कागदांत राजा म्हणजे सिंगल लाइन डायग्राम, सगळी वीजजोडणी एका रेषेत दाखवणारा नकाशा. त्यात डीजी, सोलर इन्व्हर्टर, बॅटरी, ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक ब्रेकर आणि अर्थिंग दिसलं पाहिजे. सोबत लीजची प्रत, सरफेस प्लॅनवर पॅनलची जागा (ब्लास्टिंगच्या डेंजर झोनमध्ये दाखवू नका, उडालेला एक दगड काच फोडतो, आणि खाणीतल्या माती-दगडाच्या नव्या ढिगाऱ्यावर, डंपवरही नको, तो खचतो), उपकरणांचे टेस्ट रिपोर्ट, ठेकेदाराचं लायसन्स, सुपरवायझरचं खाणीसाठीचं सर्टिफिकेट आणि त्याला दिलेलं नेमणूक पत्र. लीज वनजमिनीत असेल तर वन विभागाचं प्रकरण वेगळं, ते सगळ्यात आधी काढा.

रिले म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण, त्याच्या सेटिंगचं पान लोक जुनंच जोडतात आणि तिथेच फसतात. इन्व्हर्टर फॉल्टमध्ये साधारण फुल लोडच्या सव्वापटच करंट देतो, डीजी कितीतरी पट देतो, म्हणजे डीजी बंद करून बॅटरीवर चालवलं तर जुना रिले फॉल्ट ओळखणारच नाही. आमच्या एका साइटवर उलटं झालं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत क्रशर थांबला, सोलर जोरात, वीज डीजीत उलटी घुसली आणि रिव्हर्स पॉवरच्या (उलट्या विजेच्या) रिलेवर सगळं ट्रिप. व्हेंडरने डीजीवर निदान 30 टक्के लोड ठेवणारा कंट्रोलरच दिला नव्हता, कोटेशनमध्ये ती ओळ आहे का ते स्वतः वाचा.

बॅटरीसाठी 2022 चे बॅटरी कचरा नियम आहेत, जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देता येत नाहीत, त्या गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडेच जातात, ते पीओतच (खरेदी ऑर्डर) लिहून घ्या.

आणि अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यात घ्या. जुलैत जमीन ओली असते, आकडा छान येतो, पण तपासणीला आलेले साहेब आधी तारीख बघतात.