टॅरो कार्डांचा अर्थ लावायच्या वैयक्तिक पद्धती

टॅरो वाचन, वैयक्तिक पद्धती : टॅरोच्या ७८ पत्त्यांमधून काही पत्ते काढायचे, ठरलेल्या मांडणीत ठेवायचे आणि विचारलेल्या प्रश्नाच्या अंगाने त्यांचा अर्थ लावायचा, हे काम प्रत्येकजण आपापल्या रीतीने करतो, त्या रीतींबद्दलची ही नोंद. मांडणीला स्प्रेड म्हणतात, अर्थ सांगणाऱ्याला रीडर, मराठीत बोलतानाही हेच शब्द चालतात. एकच कार्ड दोन रीडर दोन तऱ्हेने वाचतात हे बघून नवीन माणूस गोंधळतो की मग बरोबर कोण, पण टॅरोचा एकच प्रमाण अर्थकोश असा कधी नव्हताच, आज पुस्तकांत जे अर्थ छापलेले दिसतात ते गेल्या अडीचशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी बसवलेत आणि त्यांचं एकमेकांत फारसं पटत नव्हतं.

गड्डी समजून घ्यायला आपले नेहमीचे पत्ते डोळ्यासमोर आणले तर सोपं जातं. ५६ पत्ते म्हणजे मायनर अर्काना, चार रंग, वॉन्ड्स म्हणजे साधारण किलवर, कप्स म्हणजे बदाम, सोर्ड्स इस्पिक आणि पेंटॅकल्स चौकट, प्रत्येकात एक्का ते दश्शी आणि चार चित्रांची पानं, आपल्याकडे गुलाम-राणी-राजा असतात तिथे एक घोडेस्वार जास्त. उरलेले २२ मेजर अर्काना, द फूलपासून द वर्ल्डपर्यंत, आणि हे मुळात सरळसरळ हुकमाचे पत्ते होते. कारण टॅरो हा खेळ होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागात तो सुरू झाला, फ्रान्स आणि ऑस्ट्रियात लोक आजही तो खेळतात, डाव मोडून भविष्य बिविष्य कोणी बघत नाही.

भविष्याचा धागा नंतर जोडला गेला. १७८१ मध्ये पॅरिसचे लेखक कूर द जेबलँ यांनी लिहिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे, तेव्हा इजिप्शियन चित्रलिपी कोणाला वाचताही येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये, आणि इजिप्तशी संबंध असल्याचा काही पुरावा मिळाला नाही. तरी कल्पना लोकांच्या मनात बसली ती बसलीच. त्याच काळात एतेइया या नावाने लिहिणाऱ्या आल्येत यांनी टॅरोवरून भविष्य सांगायची पुस्तकं काढली आणि स्वतःची गड्डी केली, तिच्यात पत्त्यावरच सुलट एक शब्द आणि उलट एक शब्द छापलेला, म्हणजे पाठ करायचीही गरज नाही. पुढे फ्रेंच गूढविद्यावाले एलिफास लेव्ही यांनी २२ पत्ते हिब्रूच्या २२ अक्षरांशी जोडले, आणि लंडनमध्ये १८८८ साली निघालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने ग्रह, राशी, पंचमहाभूतांपैकी चार भूतं असं सगळं त्यावर चढवलं.

पण आजचा सामान्य रीडर ज्या पद्धतीने वाचतो ती शक्य झाली १९०९ मुळे, आणि एका चित्रकार बाईमुळे. गोल्डन डॉनमधल्याच आर्थर वेट यांनी कल्पना दिली, रायडर कंपनीने छापलं आणि चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ यांनी. आधीच्या बहुतेक गड्ड्यांत, उदाहरणार्थ मार्सेय टॅरो या जुन्या फ्रेंच धाटणीच्या गड्डीत, कप्सची पंजी म्हणजे नुसते पाच पेले, बघून काही गोष्ट सुचत नाही. स्मिथनी आकड्यांच्या पत्त्यांतही प्रसंग काढले, माणसं, हवामान, रस्ते, पाणी. पूर्णपणे नवीन कल्पना ती नव्हती, सोला बुस्का नावाच्या पंधराव्या शतकाच्या शेवटच्या इटालियन गड्डीत असे प्रसंग होते आणि तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय तिथलंच दिसतं, पण लोकांच्या हातात पोचलं ते स्मिथचं काम. त्यांनी त्या वर्षी एका मित्राला पत्रात कळवलं होतं की फार मोठं काम संपवलंय, पैसे मात्र फार थोडे मिळाले. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं गड्डी रायडर-वेट म्हणूनच विकली जायची, आता लोक आवर्जून रायडर-वेट-स्मिथ म्हणतात आणि ते म्हणायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, कारण चित्र बघून वाचणारा प्रत्येक माणूस त्यांच्याच डोळ्यांनी बघत असतो.

पेंटॅकल्सची पंजी घ्या. बर्फ पडतोय, दोन फाटकी माणसं चाललीयेत, एक कुबड्यांवर, आणि वर चर्चची रंगीत खिडकी उजळलेली. पाठ केलेला अर्थ : गरिबी, आजारपण, हलाखी. चित्रावरून वाचणारा म्हणेल की मदत डोक्यावरच आहे, मान वर करून बघा. तिसरा म्हणेल, खिडकी दिसते पण दार कुठे दिसतंय, उजेड आहे पण आत घेणारं कोणी नाही. चौथा रीडर फक्त त्या दोघांकडे बघतो, की अशा बर्फातही सोबत सुटलेली नाही. चारही वाचनं चित्रात आहेत, कोणीही बाहेरून काही आणलेलं नाही, आणि नोकरी गेलेल्या माणसाला आणि घरी आजारी माणूस असलेल्या बाईला यातलं कुठलं लागू हे प्रश्नावरून ठरतं. सोर्ड्सच्या छक्कीतही तसंच, होडीत पाठमोरी बाई आणि लहान मूल, होडीच्या एका बाजूला पाणी खळबळलेलं आणि दुसऱ्या बाजूला शांत, काहीजण म्हणतात सुटका, काहीजण म्हणतात घर सोडावं लागलं.

चित्र न बघणारेही बरेच आहेत. एक मोठा गट आकड्यांवर आणि तत्त्वांवर चालतो, वॉन्ड्स अग्नी, कप्स पाणी, सोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी, एक्का म्हणजे सुरुवात, चौकी म्हणजे स्थिरता, पंजी म्हणजे त्यात पडलेली फूट, आणि मग कप्सची पंजी पाठ करायची गरजच नाही, भावनेत पडलेली फूट, झालं. काहीजण वॉन्ड्सना वायू आणि सोर्ड्सना अग्नी देतात, तेही चालतं, पण एकदा दिलं की दिलं. मार्सेय गड्डी वापरणाऱ्यांना हीच रीत जवळची, शिवाय ते माणसं कुठल्या दिशेला बघतायत हेही धरतात, राजा शेजारच्या पत्त्याकडे पाठ करून बसला असेल तर ते महत्त्वाचं. गूढविद्यावाले ॲलिस्टर क्रॉली आणि चित्रकार फ्रीडा हॅरिस यांच्या थॉथ गड्डीत, जी १९३८ ते ४३ मध्ये रंगवली आणि पत्ते म्हणून १९६९ मध्ये छापली गेली, बऱ्याच पत्त्यांवर नावच लिहिलंय, सोर्ड्सच्या तिर्रीवर सरळ दुःख, त्यामुळे तिथे रीडरचं स्वातंत्र्य वेगळ्या जागी सुरू होतं.

सगळ्यात जास्त वाद उलट्या पत्त्यांवरून. पत्ते पिसताना काही उलटे फिरतात, ते तसेच वाचायचे की सरळ करून घ्यायचे. वाचणाऱ्यांतही एकमत नाही, कोणी अगदी विरुद्ध अर्थ घेतं, कोणी तोच अर्थ पण अडलेला किंवा उशिराने येणारा, कोणी आतल्या आत चाललेलं, बाहेर न दिसणारं असं. न वाचणारे म्हणतात ७८ पत्त्यांत सुखदुःख दोन्ही आधीच पुरेसं आहे. गोल्डन डॉनवाले उलटं न बघता शेजारी बघायचे, अग्नी आणि पाणी शेजारी आले की दोघंही एकमेकांना कमजोर करतात, अग्नी आणि वायूचं जमतं. यातलं काहीही निवडा पण पत्ते पिसायच्या आधी निवडा. उलटा पत्ता निघाल्यावर, आवडला नाही म्हणून, हे मी धरत नाही असं म्हणणं म्हणजे वाचन नाही, ती मनधरणी झाली, आणि पत्ता समोर नसताना ठरवलेला नियमच रीडरला स्वतःच्या इच्छेपासून वाचवतो.

स्प्रेडचंही तसंच आहे. सगळ्यांना माहीत असलेला दहा पत्त्यांचा सेल्टिक क्रॉस वेट यांच्याच पुस्तकातून पसरला, त्यांनी त्याला प्राचीन केल्टिक पद्धत म्हटलं होतं पण केल्टिक लोकांशी त्याचा संबंध दिसत नाही. त्यात नववी जागा आशा आणि भीती दोन्हींची, एकाच जागेत, आणि मला ती सगळ्यात खोल जागा वाटते कारण माणूस ज्याची आस धरतो त्यालाच पुष्कळदा घाबरत असतो. तीन पत्त्यांची मांडणी भूत-वर्तमान-भविष्य अशी सगळे शिकतात, मग अनुभवी लोक नावं बदलतात, परिस्थिती-अडचण-सल्ला, किंवा मी-समोरचा-आमच्यातलं. काहीजण जागांना नावंच देत नाहीत, पाच पत्ते ओळीत ठेवून वाक्यासारखे डावीकडून उजवीकडे वाचतात. उत्तर कळलं नाही की अजून एक पत्ता, मग अजून एक, याला क्लॅरिफायर म्हणतात, आणि पाचवा क्लॅरिफायर काढेपर्यंत मूळ पत्ता काय होता हे विसरायला होतं, म्हणून बरेच रीडर एकावर थांबतात.

प्रश्न कसा विचारायचा यावर निम्मं वाचन ठरतं. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात, कळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार, तिथे उत्तर दोनच. टॅरोला होय-नाही विचारणारे आहेत, सुलट म्हणजे होय अशी रीतही आहे, पण ७८ चित्रांच्या गड्डीला एवढंच विचारणं म्हणजे पुरणपोळी केवळ गूळ चाखायला खाणं. लग्न होईल का यापेक्षा, लग्नाचा विषय निघाला की मी कशाने अडते, असं विचारलं तर पत्त्यांना बोलायला जागा मिळते.

यातून रीडरांचे दोन गट पडतात, भविष्य सांगणारे आणि पत्त्यांचा आरसा म्हणून वापर करणारे. पत्त्यांतून पुढचं कळतं याला शास्त्रीय पुरावा नाही. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन म्हणून एकच मजकूर दिला, प्रत्येकाला वाटलं तो खास आपल्यासाठी लिहिलाय, आणि अचूकतेला त्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आरसेवाल्या रीडरांना याचा त्रास होत नाही, माणूस चित्रात स्वतःला बघतो हेच तर ते वापरतात, फक्त मग आजार, कोर्टकेस, पैशाची गुंतवणूक यावर पत्त्यांवरून निर्णय सांगायचा नाही हे ते कटाक्षाने पाळतात. डेथ कार्ड निघालं म्हणून समोरच्याला मरणाची भीती घालणारा रीडर मला अजिबात मान्य नाही, चित्रात घोड्यावरच्या सांगाड्यामागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, तो दाखवायचा.

स्वतःची पद्धत घडते ती वहीमुळे. रोज सकाळी एक पत्ता काढायचा, पुस्तक न उघडता चार ओळी लिहायच्या, रात्री दिवस कसा गेला ते त्याखाली लिहायचं, आणि पुस्तकातला अर्थ सगळ्यात शेवटी वेगळ्या शाईने. काही महिन्यांनी पानं उलटली की दिसतं, कप्सची चौकी, तो झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला मुलगा, पुस्तकात कंटाळा आणि असमाधान असतो, पण वहीत तो प्रत्येक वेळी नको असलेल्या फोनच्या दिवशी निघालेला असतो, किंवा निदान त्या दिवशीच त्याच्यावर जास्त लिहिलं गेलेलं असतं. त्या रीडरसाठी पुढे तो पत्ता नाही म्हणण्याचा पत्ता होतो, आणि दुसऱ्याच्या वहीत तोच मुलगा अजून कंटाळलेलाच बसलेला असतो.