हात कुठेत? दा नांगची ‘सिटी टूर’ आणि बा ना हिल्सची टूर

ड्रॅगन ब्रिजवर गाडी चढली आणि मागच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, "हात कुठेत?"

गाइडला प्रश्न कळला नाही. मला कळला, कारण काकूंनी आदल्या रात्री जेवताना तो फोटो सगळ्यांना दाखवला होता: डोंगरातून बाहेर आलेले दोन राक्षसी दगडी हात आणि त्यांच्या तळव्यांवर अलगद तोललेला सोनेरी पूल. सोसायटीच्या ग्रुपवर तो टाकून त्या मोकळ्याही झाल्या होत्या, "उद्या इथे." गाइड सकाळपासून "गोल्डन ड्रॅगन, गोल्डन ड्रॅगन" करत होता, त्यामुळे पिवळाधमक पूल दिसल्याबरोबर त्यांनी हात शोधायला सुरुवात केली. पूल 666 मीटर लांब. शोधता शोधता तो संपला आणि गाडी पलीकडच्या काठाला लागली.

ते हात तिथून तासाभराच्या अंतरावर, बा ना हिल्सवर सुमारे 1,400 मीटर उंचीवर होते आणि आमच्या ‘दा नांग वन डे टूर’मध्ये ते नव्हतेच. फसवणूक कोणी केली नव्हती. आयटिनररीत सगळं लिहिलेलं होतं, फक्त वाचलं कोणी नव्हतं.

हा घोळ आपल्याकडच्या अनेकांचा होतो, म्हणून दोन्ही नीट सांगते. व्हिएतनामच्या मध्यभागी समुद्रकाठी असलेल्या दा नांगमध्ये एका दिवसाच्या मुख्य दोन टूर विकल्या जातात. एक शहराची, दुसरी बा ना हिल्सची. दोन्ही सकाळी हॉटेलवरून उचलतात, दोन्हीत जेवण असतं, दोन्हींच्या जाहिरातीत सोनेरी पूल असतो. शहरातला तो ड्रॅगन ब्रिज, स्थानिक नाव ‘काउ रोंग’. डोंगरावरचा गोल्डन ब्रिज, म्हणजे ‘काउ वांग’. ‘काउ’ म्हणजे पूल, ‘रोंग’ म्हणजे ड्रॅगन आणि ‘वांग’ म्हणजे सोनेरी. ड्रॅगनही सोनेरीच आहे, ही खरी अडचण.

काउ रोंग हा कामाचा पूल आहे. हान नदीवर, सहा पदरी, स्कूटरींनी भरलेला. 29 मार्च 2013 ला तो सुरू झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण 29 मार्च 1975 ला उत्तर व्हिएतनामच्या फौजा या शहरात शिरल्या होत्या आणि तो दिवस शहर दरवर्षी पाळतं. पोलादी कमानींचाच ड्रॅगन केलाय. शेपूट शहराच्या बाजूला, तोंड समुद्राकडे. डोळे बदामाच्या आकाराचे आहेत, म्हणजे पत्त्यांतला बदाम. एवढ्या अक्राळविक्राळ प्राण्याला असले प्रेमळ डोळे देण्याची कल्पना कोणाची माहीत नाही, पण एकदा दिसले की हसू आवरत नाही. शनिवार-रविवारी रात्री नऊ वाजता तो आधी आग ओकतो आणि मग पाणी. वारा ज्या दिशेला असेल तिकडची मंडळी चिंब होतात. हे बघायला तिकीट नाही, गाइड नको, टूर तर नकोच. साडेआठला तोंडाकडच्या काठावर जाऊन उभं राहायचं.

काउ वांग हा वाहतुकीचा पूल नाही. जून 2018 मध्ये खुला झालेली ती जेमतेम 150 मीटर लांबीची, पायी चालायची वळणदार गच्ची आहे. आणि ते हात दगडी नाहीत. जाळीच्या सांगाड्यावर फायबरग्लास चढवून त्याला शेवाळलेल्या जुन्या दगडाचा रंग दिलाय. जवळून बोटांच्या सांध्यांवरच्या भेगा, डाग इतके हुबेहूब दिसतात की काही शतकांपूर्वीचं काम वाटावं. आमच्या ओळखीतल्या एकांनी परत आल्यावर ‘प्राचीन हात’ म्हणून फोटो लावलेत. मी काही बोलले नाही.

बा नाची मजा खरं तर पुलाआधी, रोपवेत आहे. तिथली एक लाइन 5,801 मीटर लांब आहे, मध्ये कुठेही न थांबता. ती सुरू झाली तेव्हा गिनीज विक्रमात गेली. खाली जंगल, धबधबे, मग एकदम ढग, आणि केबिनमधले सगळे गप्प. वीसेक मिनिटांनी वर पोचलं की आपण युरोपच्या सेटवर असतो: किल्ल्यासारखं फ्रेंच गाव, बागा, लहान मुलांसाठी इनडोअर खेळ, सेल्फीसाठी रांगा. मूळ कल्पना फ्रेंचांचीच. उन्हाळ्यात उकाड्यातून पळायला त्यांनी 1919 मध्ये इथे थंड हवेचं ठिकाण वसवलं, जसं इंग्रजांनी आपल्याकडे माथेरान-महाबळेश्वर. पुढे युद्धांत ते उजाड झालं, जंगलाने गिळलं. आज दिसतं ते बहुतेक सगळं या शतकात एका खासगी कंपनीने नव्याने उभं केलेलं आहे. म्हणजे हा थीम पार्क आहे. चांगला, स्वच्छ, शिस्तीत चालवलेला थीम पार्क. माथेरानची लाल माती शोधायला गेलात तर हिरमोड होईल.

त्याच 1919 मध्ये फ्रेंचांनी खाली शहरात आणखी एक गोष्ट लोकांसाठी उघडली, ती मात्र आजही आहे. चाम शिल्पांचं संग्रहालय. ड्रॅगनच्या शेपटीपासून चालत जाण्याइतकं जवळ. आणि इथे माझी तक्रार सुरू होते: बऱ्याच सिटी टूर त्याच्यासमोरून जातात आणि आत नेत नाहीत. गाइड खिडकीतून "म्युझियम" म्हणतो आणि गाडी हान मार्केटकडे वळते, कारण लोकांना काजू आणि कॉफी घ्यायची असते.

चाम लोकांचं चंपा हे राज्य या किनाऱ्यावर हजार वर्षांहून जास्त काळ होतं. राजांची नावं भद्रवर्मन, इंद्रवर्मन, राजधान्यांची नावं सिंहपूर, इंद्रपूर, शिलालेख संस्कृतात. चौथ्या शतकात भद्रवर्मनाने ‘मी सन’ नावाच्या ठिकाणी शिवाचं देऊळ बांधलं आणि देवाला स्वतःचं नाव जोडून ‘भद्रेश्वर’ केलं. संग्रहालयात त्या परंपरेतली शिवलिंगं, त्यांच्या शाळुंका, नाचणारा शिव आहेच, पण मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती ‘मी सन’मधल्या उभ्या गणपतीपुढे. पोट आपल्या गणपतीसारखंच, पण बसलेला नाही, दोन्ही पायांवर भक्कम उभा. सोंड हातातल्या वाटीत. खाणं सोडून वर बघायची त्याला गरज वाटत नाही. त्रा किएऊ इथून आणलेल्या एका चौथऱ्याच्या चारी बाजूंना लग्नाची वरात कोरलीय. काही अभ्यासक तिला सीतास्वयंवर मानतात. हे सगळं पाहून बाहेर आलं आणि समोर तो पिवळा ड्रॅगन दिसला, की दोन संस्कृती एका चौकात भेटल्यासारख्या वाटतात. तिकीट 60,000 डोंग.

डोंगचा हिशोब: शेवटची तीन शून्यं काढायची, तिप्पट करायचं आणि वर थोडे धरायचे. म्हणजे हे दोनशे रुपये. मार्बल माउंटन्स या टेकड्यांचं तिकीट 40,000, लिफ्टने गेलात तर एका फेरीचे 15,000. सोन त्रा द्वीपकल्पावरच्या देवळाला काहीच नाही. सिटी टूरमधलं सगळं स्वतः फिरलात तर तिकिटांचे चारशे-पाचशे रुपये होतात, टॅक्सी वेगळी. बा नाचं एकट्याचं तिकीटच नऊ-दहा लाख डोंगांच्या घरात जातं, म्हणजे तीन हजारांच्या वर. दर बदलत राहतात, पण हा फरक बदलत नाही. टूरवाला दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी सांगत असेल, तर कुठल्या टूरमध्ये तो जास्त कमावतोय ते समजून घ्या.

आता गाइडचं. बा नावर गाइड तिकीट हातात देतो, "साडेअकराला बुफेपाशी" म्हणतो आणि दिसेनासा होतो. त्याचा दोष नाही, तिथे सांगण्यासारखं फार काही नाहीच; पाट्या इंग्रजीतही आहेत. तिथे गाइडसह टूर घेणं म्हणजे मॉलमध्ये गाइड घेण्यासारखं. गाडी ठरवून स्वतः जा, सकाळी पहिल्या केबिनमध्ये बसा आणि आधी पूल गाठा, कारण दहानंतर तिथे दोन हातांपेक्षा सेल्फी स्टिकच जास्त दिसतात.

शहरात उलट. मार्बल माउंटन्स म्हणजे मोठे डोंगर नव्हेत, किनाऱ्यावर उगवलेल्या संगमरवर-चुनखडीच्या पाच टेकड्या. नावं पाच तत्त्वांची: धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती. आपल्या पंचमहाभूतांशी मेळ घालायला गेलात तर वायू आणि आकाश गायब, त्यांच्या जागी धातू आणि लाकूड. पर्यटक जातात ती पाण्याची, थुई सन. तिच्या पोटात हुएन खोंग नावाची गुहा आहे. आत शिरलं की आधी उदबत्तीचा वास येतो आणि काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि छताला पडलेल्या भोकांतून येणारा उजेड धुरातून तिरका उतरताना दिसतो. आमच्या गाइडने युद्धाच्या काळात या गुहेत काय काय चाललं होतं ते सांगितलं. पायथ्याशी नॉन नुओक हे दगड कोरणाऱ्यांचं गाव आहे. तिथल्या दुकानदाराने "याच डोंगराचा दगड" म्हणून मूर्ती पुढे केली, तेव्हा गाइड हळूच म्हणाला की इथे खोदायला बंदी आहे, दगड बाहेरून येतो. त्या एका वाक्यात त्याचे पैसे वसूल झाले.

सोन त्रावरच्या लिन उंग देवळातही तेच. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली 67 मीटरची पांढरीशुभ्र मूर्ती, सगळ्या टूरवाल्यांच्या भाषेत ‘लेडी बुद्धा’. ती बुद्ध नाही. ती क्वान आम, करुणेची देवता, आणि तिचं मूळ रूप आपलाच बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या भिंतीवर तो आठ संकटांतून भक्तांना वाचवताना कोरलाय. त्यातलं एक संकट म्हणजे बुडणारं जहाज. इकडे तीच देवता स्त्रीरूपात उभी राहून खाली मासेमारीच्या होड्यांवर नजर ठेवते. ही जोडणी आमच्या गाइडला माहीत नव्हती, ती मी त्याला सांगितली. तो म्हणाला, "मग तुमच्याकडे तो पुरुष आहे?" आणि बराच वेळ हसत राहिला.

जाता जाता एक आणखी घोळ: लिन उंग नावाची देवळं तीन आहेत. एक इथे सोन त्रावर, एक मार्बल माउंटन्सवर, एक बा नावर. उंच क्वान आम फक्त सोन त्राला. बा नावर आहे तो 27 मीटरचा बसलेला बुद्ध.

1 जुलै 2025 पासून तर ‘सिटी’ या शब्दाचाही भरवसा राहिलेला नाही. शेजारचा क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला, त्यामुळे कंदिलांचं होई आन आणि मी सनची देवळंही आता कागदोपत्री याच शहरात आहेत. ‘दा नांग सिटी’ वाचून काय काय असेल याचा अंदाज बांधू नका. बुक करण्यापूर्वी आयटिनररीत नावं शोधा: ‘चाम म्युझियम’ आहे का, ‘बा ना’ आहे का, आणि असेल तर रोपवेचं तिकीट धरलंय का.

शाकाहाऱ्यांसाठी: बा नावर भारतीय बुफे मिळतो, चव लग्नातल्या पंगतीच्या शेवटच्या वाढपासारखी, पण पोट भरतं. शहरात ‘आन चाय’ एवढं म्हणा. याचा चहाशी संबंध नाही, ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. नुसतं "नो मीट" म्हणालात तर भाजीतही माशांचा सॉस येईल. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तिथले बरेच लोक स्वतःच चाय खातात, त्या दिवशी चंगळ.

एकच दिवस असेल आणि सोबत दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर बा ना, वाद नको. नाही तर मी शहर म्हणेन, संग्रहालयासह, आणि जमल्यास शनिवारी. हवेचा विचार मात्र दोन्हीकडे करा. आपला पाऊस जातो तेव्हा त्यांचा येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले सर्वांत ओले महिने, म्हणजे बरोबर आपली दिवाळीची सुट्टी. फेब्रुवारी ते मे उत्तम. शहरात पावसातही गुहा आणि संग्रहालय बघता येतं. डोंगरावर ढग बसला की तीन हजार रुपयांत पांढरा रंग बघायला मिळतो.

आम्ही दिवाळीतच गेलो होतो. काकूंनी हट्टाने परतीच्या आदल्या दिवशी वेगळे पैसे भरून बा ना गाठलं. दुपारी ग्रुपवर फोटो आला: दाट धुकं, त्यात निळ्या रेनकोटमधल्या काकू, आणि त्यांच्या डोक्यामागे एक अंगठा.

खाली लिहिलं होतं, "आहेत हात. नीट बघा."