खासगी विद्यापीठ

खासगी विद्यापीठ : (भारत). राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले, पण सरकारऐवजी एखाद्या सोसायटीने, सार्वजनिक न्यासाने किंवा ना-नफा कंपनीने स्वतःच्या बळावर चालवलेले विद्यापीठ. अशा चालक संस्थेला कायद्याच्या भाषेत ‘प्रायोजक संस्था’ म्हणतात. कुलपती तिच्या पसंतीचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो संस्थापक किंवा त्याच्या घरातलाच असतो. राज्य विद्यापीठात हेच पद परंपरेने राज्यपालांकडे असते.

मराठी घरात ‘विद्यापीठ’ म्हटले की मार्कशीटवरचे नाव आठवते. मुंबई विद्यापीठ (१८५७) किंवा पुणे विद्यापीठ (१९४९) यांना शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. विद्यार्थी जातो कॉलेजात. विद्यापीठाशी त्याची गाठ परीक्षेपुरती, फार तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरण्यापुरती पडते. खासगी विद्यापीठाला महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. शिकवणारे, पेपर काढणारे, तपासणारे, पदवी देणारे आणि वसतिगृहात राहणाऱ्याला जेवू घालणारेही तेच. तिथल्या बहुतेक सोयी आणि बहुतेक कुरबुरी या एकाच गोष्टीतून निघतात.

कायदा : पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मधून येतो. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, कलम ३ खालील ‘अभिमत’ (डीम्ड) विद्यापीठे आणि संसदेने कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच तो आहे. खासगी आणि अभिमत यांत लोकांची नेहमी गल्लत होते. पिलानीची बिट्स (१९६४), मणिपाल (१९९३) आणि पुण्याची सिंबायोसिस (२००२) ही अभिमत. त्यांना दर्जा मिळाला तो केंद्र सरकारच्या अधिसूचनेने. खासगी विद्यापीठासाठी मात्र विधिमंडळाचा कायदा लागतो. अशा विद्यापीठांपैकी सिक्कीम मणिपाल विद्यापीठ (१९९५) हे अगदी सुरुवातीचे.

या कायद्याचे मोल छत्तीसगडच्या प्रकरणाने कळले. तिथल्या २००२ च्या कायद्याने सरकारला नुसत्या अधिसूचनेवर विद्यापीठ काढण्याची मुभा दिली आणि थोड्याच काळात कागदावर शंभराहून अधिक विद्यापीठे उभी राहिली. आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ यशपाल यांनी त्याविरुद्ध याचिका केली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली आणि ती विद्यापीठे एका निकालासरशी संपली. मधल्या काळात आयोगाने २००३ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी स्वतंत्र विनियमही काढले होते. आज आयोगाच्या संकेतस्थळावर मान्य आणि बोगस अशा दोन्ही याद्या असतात. प्रवेशापूर्वी त्या बघायला पाच मिनिटे लागतात, तरी जाहिरातीचा फलक बघून पैसे भरणारे कमी नाहीत. वकिली, औषधनिर्माण, वैद्यक अशा अभ्यासक्रमांना त्या त्या परिषदेची मान्यता वेगळी लागते, तीही तपासावी.

अभ्यास : मोठ्या खासगी विद्यापीठात अभियांत्रिकी, विधी, व्यवस्थापन, डिझाइन एकाच कुंपणात असतात. पहिल्या आठवड्यात नव्या मुलाला सगळ्यात कोड्यात टाकते ती विषयासमोरची आकड्यांची ओळ : ३-१-२. याचा अर्थ आठवड्याला तीन तास व्याख्यान, एक तास ट्युटोरियल, दोन तास प्रात्यक्षिक. व्याख्यानाच्या तासाला एक श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे विषयाचे वजन मोजण्याचे एकक), ट्युटोरियलच्या तासालाही एक, प्रात्यक्षिकाच्या मात्र दोन तासांना मिळून एक. म्हणजे हा विषय पाच श्रेयांकांचा. प्रयोगशाळेत दोन तास उभे राहून एकच श्रेयांक पदरात पडतो, ही तक्रार त्यामुळे सार्वत्रिक आहे. काही ठिकाणी श्रेणी सापेक्ष असते. तिथे तुम्हाला किती गुण पडले याइतकेच वर्गाला किती पडले यावर ती ठरते, आणि सोपा पेपर निघाला की हुशार मुलेच धास्तावतात. हजेरीची अट बहुधा ७५ टक्के. त्याखाली गेलेला ‘डिटेन’ होतो, म्हणजे त्याला परीक्षेलाच बसता येत नाही. शिकवणाराच तपासणारा असल्याने निकाल लवकर लागतात, आणि शिक्षकाशी वाकडे घेण्याची मुलांना भीतीही वाटते.

परिसर : अशी विद्यापीठे बहुधा शहराबाहेर असतात, कारण सलग मोठी जमीन तिथेच मिळते. त्यामुळे आवारातच बँक, दवाखाना, झेरॉक्सचे दुकान, सलून अशी लहानशी वस्ती तयार होते. गळ्यातल्या ओळखपत्राशिवाय ग्रंथालय, मेस, गेट यांपैकी काहीच उघडत नाही.

या वस्तीचा खरा कारभार दिसतो तो शनिवारी दुपारी गेटवर. बाहेर जायचे तर आउटपास हवा. तो आता बऱ्याच ठिकाणी ॲपवर मागतात. वॉर्डन मंजूर करतो, घरी पालकांच्या फोनवर संदेश जातो आणि मग सुरक्षारक्षक कोड स्कॅन करून सोडतो. अठरा वर्षांच्या, मतदानाचा हक्क असलेल्या माणसाने समोसा खायला बाहेर पडावे आणि त्याची वर्दी तीनशे किलोमीटरवर आईला जावी, हे पालकांना आवडते. मुलांना का आवडत नाही हे समजावून सांगायला नको. मुलींच्या वसतिगृहांची वेळ अनेकदा मुलांच्या आधी संपते. या भेदाविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ मोहीम सुरू केली, तेव्हा हा प्रश्न देशभर चर्चेत आला.

मेसविषयी फार लिहायला नको. मेनू आठवड्याचा, चव बारमाही. फेस्ट, क्लब, रात्री दोनला कोणाच्या तरी खोलीत चाललेली मॅगी, परराज्यातला खोलीसोबती आणि त्याच्याकडून शिकलेल्या चार शिव्या, हे सगळीकडे सारखेच. विद्यार्थी संघटनांच्या निवडणुका मात्र क्वचितच होतात. वर्ग प्रतिनिधी नेमला जातो, आणि आंदोलनापेक्षा प्लेसमेंटची चर्चा जास्त असते. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनीही भरायचे असते. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी ते सक्तीचे केले.

दाद : राज्य विद्यापीठात कॉलेजाविरुद्धची तक्रार विद्यापीठाकडे नेता येते. इथे कॉलेजही तेच आणि विद्यापीठही तेच. ही अडचण निदान काही अंशी सुटावी म्हणून आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक विद्यापीठाला लोकपाल नेमणे बंधनकारक केले. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश या पदावर नेमता येतो. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जायचे आणि तिचा निर्णय पटला नाही तर लोकपालाकडे अपील करायचे. ते ३० दिवसांत निकाली निघावे अशी अपेक्षा आहे. फी परतावा, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रे, परीक्षेतला पक्षपात या तक्रारी त्याच्या कक्षेत येतात. लोकपालाचे नाव संकेतस्थळावर द्यावे लागते. प्लेसमेंटच्या आकड्यांइतक्या ठळक अक्षरांत ते सहसा सापडत नाही.