मेहता, सर फिरोजशाह मेरवानजी

(४ ऑगस्ट १८४५ – ५ नोव्हेंबर १९१५). मुंबईतील बॅरिस्टर, मवाळ पक्षाचे राष्ट्रीय पुढारी व मुंबई महापालिकेचे चार वेळा अध्यक्ष. जन्म मुंबईत, पारशी व्यापारी कुटुंबात. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये पदवी घेतल्यावर ते कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. १८६८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. १८७८ च्या सुरत दंगल खटल्यात ते आरोपींच्या बाजूने उभे होते.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारभारावर करदाते खवळले असताना, १८७१ मध्ये मेहतांनी एका निबंधातून वेगळीच भूमिका मांडली. दोष कमिशनरचा नसून व्यवस्थेचा आहे. अंमलबजावणीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती राहू द्यावेत, मात्र त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा वचक असावा, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोत्यांना ते रुचले नाही. तरी १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांच्या महापालिकेत निम्म्या जागा करदात्यांकडे आल्या. १८८८ च्या कायद्यात सभासद ७२ झाले आणि करदात्यांच्या जागा ३६. हा कायदा मेहतांचाच, असे सर्रास म्हटले जाते. विधिमंडळात का. त्र्यं. तेलंग यांनीही त्यावर मेहनत घेतली होती, तेव्हा श्रेय दोघांत वाटणे रास्त. हा कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे.

त्यांच्या पदांविषयी संदर्भग्रंथांत गोंधळ आढळतो. काही ठिकाणी ते १८७३ मध्ये ‘म्युनिसिपल कमिशनर’ झाल्याची नोंद आहे. कमिशनर हा सरकारने नेमलेला प्रशासक असे, त्यामुळे येथे सभासदत्वच अभिप्रेत असावे. त्यांना ‘महापौर’ म्हणणेही तांत्रिकदृष्ट्या सैल आहे. मुंबईत तेव्हा ‘प्रेसिडेंट’ म्हणजे अध्यक्ष असे. मेयर हे नाव १९३१ मध्ये आले (कलकत्त्यात त्याआधीच, १९२४ मध्ये चित्तरंजन दास मेयर झाले होते). अध्यक्षपदाची वर्षे साधारणतः १८८४, १८८५, १९०५ व १९११ अशी दिली जातात. मुदत एका वर्षाची आणि काम मुख्यतः सभा चालवण्याचे. मेहतांचा दरारा खुर्चीमुळे नव्हता. अंदाजपत्रकातील बारकावे आणि कायद्याची कलमे त्यांना मुखोद्गत असत. खुर्चीत दुसरे कोणी असले तरी सभागृह त्यांच्याकडे पाहूनच चाले.

१९०७ मध्ये त्यांना महापालिकेतून हटवण्यासाठी काही युरोपीय अधिकाऱ्यांनी गट बांधला. हा प्रकार ‘कॉकस’ म्हणून ओळखला जातो. जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) निवडून देत असलेल्या १६ जागांत मेहतांचा क्रमांक सतरावा लागला. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड रद्द ठरल्याने ते पुन्हा आत आले.

राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८८५ मध्ये तेलंग व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापली. गोपाळ कृष्ण गोखले त्यांना वडीलधारे मानत. टिळकपक्षाशी मात्र सतत खटका. राष्ट्रीय सभेच्या सुरत अधिवेशनात १९०७ मध्ये भिरकावला गेलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व मेहता या दोघांनाही लागला, ही हकिकत मराठी वाचकांस परिचितच आहे. सेंट्रल बँकेचे ते पहिले अध्यक्ष (१९११). ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे दैनिक त्यांनी १९१३ मध्ये सुरू केले. १९०४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. मलबार हिलवरील ‘हँगिंग गार्डन’ला त्यांचेच नाव आहे, पण ते नाव फारसे कोणी घेत नाही.