एकाच विटेच्या दोन भट्ट्या

गवती चहाचा वास, गाजराचा रंग, रबराचा चीक आणि आपल्या रक्तातलं कोलेस्टेरॉल ही सगळी एकाच कुळातली. पाच कार्बनची आयसोप्रीन नावाची वीट, आणि तिच्यावर वीट रचत केलेलं बांधकाम. ओटो वालाख यांनी १८८७ मध्ये टर्पीनांमध्ये, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांतल्या रेणूंमध्ये, ही वीट ओळखली, लिओपोल्ड रुझिच्का यांनी पुढे तो नियम विस्तारला. पण सजीव ही वीट पाडतात कशी?

१९५६ मध्ये अमेरिकेत कार्ल फोकर्स यांच्या गटाला मेव्हॅलोनिक आम्ल सापडलं आणि कोडं सुटल्यासारखं वाटलं. अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-एचे तीन रेणू जुळतात, सहा कार्बनचं मेव्हॅलोनिक आम्ल होतं, त्यातला एक कार्बन गळतो आणि पाच कार्बनची वीट उरते. कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी १९६४ चं नोबेल कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना मिळालं. यीस्ट आणि यकृतात जे खरं ठरलं, तेच वनस्पती आणि जिवाणूंतही असणार, असं सर्वांनी धरून चालायला सुरुवात केली.

वनस्पती मात्र ऐकत नव्हत्या. किरणोत्सारी खूण केलेलं मेव्हॅलोनिक आम्ल दिलं की ते स्टेरॉलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या भाईबंदांमध्ये, सहज उतरे; गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनमध्ये जेमतेम. हरितलवकाचं आवरण ते आत येऊ देत नसेल, असं म्हणून विषय मिटवला गेला. १९८० च्या दशकात जर्मनीत कार्ल्सरूहे इथे हार्टमुट लिख्तेनथालर आणि सहकाऱ्यांनी रोपांना मेव्हॅलोनिक आम्लाची वाट अडवणारं मेव्हिनोलिन दिलं. स्टेरॉल घटले, कॅरोटीन आणि हरितद्रव्य मात्र तसंच तयार होत राहिलं.

खरा धक्का दिला तो फ्रान्सच्या मिशेल रोमर यांनी. जिवाणूंच्या आवरणातल्या, याच विटांनी बांधलेल्या होपॅनॉइड रेणूंचा ते अभ्यास करत होते. कार्बन-१३ ची खूण केलेलं अ‍ॅसिटेट दिल्यावर खुणा भलत्याच जागी उमटल्या. १९८८ मध्ये त्यांनीही याचा अर्थ जुन्या चौकटीतच लावला : पेशीत अ‍ॅसिटेटचे दोन वेगळे साठे असतील. पण आकडे पुसून टाकले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. पुढे त्यांनी ताडीसारख्या आंबलेल्या रसात आढळणारा झायमोमोनास हा जिवाणू घेतला. तो ग्लुकोज एकाच ठरावीक वाटेने फोडतो, त्यामुळे कुठला कार्बन कुठे गेला हे नेमकं मोजता येतं. १९९३ मध्ये चित्र स्पष्ट झालं. इथे मेव्हॅलोनिक आम्ल नव्हतंच! पायरुव्हेट आणि आणखी एक, अशा तीन-तीन कार्बनच्या दोन रेणूंपासून, एक कार्बन टाकून, वीट पडत होती. हा दुसरा रेणू पुढे ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेट ठरला. झुरिकमध्ये दुइलिओ अरिगोनी यांचा गटही गिंको वृक्षावरून स्वतंत्रपणे तिथेच पोचला.

वनस्पतींकडे दोन्ही वाटा आहेत. स्टेरॉल पेशीद्रवात जुन्या वाटेने होतात. कॅरोटीन आणि हरितद्रव्याची शेपटी हरितलवकात, नव्या वाटेने. हरितलवक मुळात पेशीत वस्तीला आलेला नीलहरित जिवाणू. त्याने आपली भट्टी सोबत आणली.

मलेरियाच्या परजीवीतही शैवालापासून उरलेलं असं एक अंगक आहे, आणि त्यात हीच भट्टी चालते. माणसात ती नाही. १९९९ मध्ये हसन जोमा यांच्या गटाने तिची दुसरी पायरी अडवणाऱ्या फोस्मिडोमायसिनने उंदरांचा मलेरिया बरा केला. माणसांवरच्या चाचण्यांतही ताप उतरला, पण औषध एकटं दिलं तेव्हा काही रुग्णांत परजीवी परतला. म्हणून पुढे ते क्लिंडामायसिनच्या जोडीने देऊन पाहिलं गेलं.