डिझेल इंजिन बांधण्याआधी बोअर मोजा

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधलं चार सिलिंडरांचं २३९९ सीसी इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६, बजाज टेम्पोने परवाना घेऊन बनवलेलं. दणकट, पण अमर नाही. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, चढाला दम राहत नाही, ऑइल घालायचं झाकण उघडलं की भसाभसा धूर येतो. गॅरेजवाले ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच.

डिझेलमध्ये ठिणगी नसते. २१ पट दाबलेली हवाच इतकी तापते की फवारलेलं इंधन पेट घेतं. पिस्टनभोवतीच्या रिंगांतून हवा निसटली की उष्णताही गेली. या इंजिनाचं निरोगी कॉम्प्रेशन, म्हणजे दाबलेल्या हवेचा गेजवर दिसणारा दाब, २२ ते २४ बार असतं. ते १५ च्या खाली गेलं किंवा सिलिंडरांमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक पडला, तर खोलायची वेळ झाली. पेट्रोल इंजिनासारखं सिलिंडरमध्ये ऑइल टाकून पुन्हा मोजणं इथे फसवं. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३० सीसी. त्यात ५ सीसी ऑइल गेलं की रिंगा कशाही असोत, आकडा चढतोच.

सिलिंडरच्या भिंतीची झीज सगळीकडे सारखी नसते. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, ऑइलचा थर तुटतो, आणि नेमका तेव्हाच जळत्या वायूचा दाब रिंगेला भिंतीवर रेटतो. म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, वर रुंद, खाली मूळ मापाचा. डायल गेज तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा लावून मोजा. वरचा व्यास ०.२ मिमीने वाढला असेल तर रिंगेच्या दोन टोकांमधली फट त्याच्या ३.१४ पट, म्हणजे सुमारे ०.६३ मिमीने वाढते. खाली ०.३० असलेली फट वर ०.९३! अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय नवी कोरी रिंग अगदी वर न झिजता उरलेल्या कडेला आपटून तुटते ती वेगळीच. लायनर (सिलिंडरमधली आतली नळी) बदला, नाहीतर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घाला.

होनिंगनंतर, म्हणजे बोअरच्या भिंतीवर दगडाने बारीक चर पाडल्यावर, ब्लॉक डिझेलने धुऊ नका. दगडाची पूड चरांमध्ये तशीच बसून राहते. गरम पाणी, साबण, ब्रश. मग लगेच ऑइल लावून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळपट येतंय तोवर धुणं संपलेलं नाही. बहुतेक फसलेली कामं इथेच फसतात.

क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) झिजून ओव्हल झाला असेल तर ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज बेअरिंग. टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट थंड इंजिनावर: इन्लेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिमी. टायमिंग चेन ताणलेली असेल तर याच वेळी बदला.

पहिल्यांदा इंधन बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा. नंतर तासभर आयडलवर (नुसतं उभ्या-उभ्या चालू) ठेवू नका. रिंगा बसायला वायूचा दाब लागतो. तो नसेल तर भिंत गुळगुळीत काचेसारखी होते आणि इंजिन ऑइल खातच राहतं. मध्यम लोडवर, वेग कमी-जास्त करत चालवा आणि पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढून टाका.