सत्तर अक्षरांत मावणारा सल्ला

१४ जानेवारी १९९७ची सकाळ. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर वडकरा इथे अकरा मच्छीमार तारल्यांनी भरलेल्या होड्या घेऊन परतले, तर किनाऱ्यावर एकही गिऱ्हाईक उरलेलं नव्हतं. मासे टाकून द्यावे लागले. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या किनाऱ्यांवर सत्तावीस गिऱ्हाइकं मासे न मिळाल्यामुळे हात हलवत परत निघाली होती. मासा होता, मागणी होती, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती.

पुढच्या चार वर्षांत या किनाऱ्यावर मोबाइलचे टॉवर उभे राहिले आणि मच्छीमार समुद्रातूनच फोन लावून भाव विचारू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी या काळातले आकडे आठवड्याला आठवडा गोळा केले होते. फोन येण्यापूर्वी पकडलेल्या माशांपैकी ५ ते ८ टक्के वाया जात; ते जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गंमत म्हणजे खाणाऱ्यालाही मासा ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागला. जेन्सन यांचा शोधनिबंध २००७मध्ये छापून आला आणि विकासाच्या क्षेत्रात तो फार गाजला. भाव कळला की उत्पादकाचं भलं होतं, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

त्याच साली महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू झाली. ठरावीक रक्कम भरायची, आपलं पीक आणि आपल्या बाजार समित्या निवडायच्या, की रोज मोबाइलवर मराठीतून मेसेज येणार: आजचा भाव, हवामान, पिकाचा सल्ला. तिची कार्डं पोस्ट ऑफिसातही मिळायची. कल्पना झकास होती आणि माहितीही बरी होती. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी तिची रीतसर चाचणी घेतली. पाच जिल्ह्यांतली शंभर गावं, पिकं टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडून काहींना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि मग दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची तुलना केली.

मेसेज मिळालेल्यांना जास्त भाव मिळाला, असं आकडेवारीतून दिसलं नाही. वादळी पावसातलं नुकसान कमी झालं नाही. वाण किंवा लागवडीची पद्धत बदलण्याचं प्रमाणही वाढलं नाही. काही जणांनी माल विकायची जागा बदलली, काहींनी प्रतवारी केली. पण त्यातून हाती पडणाऱ्या पैशात ठळक फरक दिसला नाही.

हा निकाल मला केरळच्या निकालापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. एकच यंत्र, एकच प्रकारची माहिती, मग फरक कुठे पडला? होडी समुद्रात असताना तिला सगळे किनारे सारखेच मोकळे असतात. सुकाणू वळवलं की झालं. शिवाय मासा दुपारपर्यंत टिकत नाही, त्यामुळे चुकीच्या किनाऱ्यावर गेलेल्याचं सगळंच बुडतं. कांदा चाळीत महिनोनमहिने राहतो. लांबच्या बाजारात दोन रुपये जास्त मिळतात हे कळलं, तरी टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई आणि अनोळखी अडत्या यांचा हिशेब करावा लागतो. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्या अडत्याकडे माल नेण्याचं बंधन वेगळंच. आणि भाव तर बाजार समितीतून परतणाऱ्या शेजाऱ्याकडून कळतच असे. मेसेजने जे सांगितलं ते खोटं नव्हतं. त्यावर करता येण्यासारखं फारसं काही नव्हतं.

आता जरा मेसेजच्या आत डोकावू. एसएमएस हा मोबाइलच्या जगातला सर्वांत चिवट प्रकार आहे. फोन टॉवरशी संपर्क ठेवण्यासाठी जी अरुंद संकेतवाहिनी वापरतो, तिच्यावरूनच त्याला पाठवता येतं. त्याला इंटरनेट लागत नाही, सिग्नल जेमतेम असला तरी चालतो. फोन बंद असेल तर तो कंपनीच्या केंद्रात साठवून ठेवला जातो आणि फोन चालू झाला की पोचवला जातो. विहिरीजवळच्या खोपीत एक दांडी येणाऱ्या शेतकऱ्यासाठी हे वरदानच. मात्र जागा फार थोडी. एका मेसेजमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं. देवनागरी या संचात बसत नाही. तिच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट द्यावे लागतात. ११२० भागिले १६, म्हणजे ७०.

ही सत्तर देखील आपण मोजतो तशी सत्तर नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त हे सगळे यंत्राच्या दृष्टीने वेगवेगळे. ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो अकरा चिन्हांचा. ‘कपाशीत प्रति सापळा ८ पतंग सलग ३ रात्री दिसल्यास फवारणी करा’ एवढ्या वाक्यात ५८ चिन्हं संपतात. त्यापुढे एक मोकळी जागा आणि ‘प्रोफेनोफॉस’ हे औषधाचं नाव टाकलं की बरोबर सत्तर भरतात. पंपाला किती मिली घ्यायचं, हे राहूनच जातं. लांब मजकुराचे तुकडे करून जोडता येतात, पण मग प्रत्येक तुकड्यात ६७च चिन्हं बसतात आणि पैसे दर तुकड्यामागे पडतात. लाखो शेतकऱ्यांना पाठवायचं असेल तर हिशेब बदलतो. मराठी सल्ला तुटक का असतो, याचं निम्मं उत्तर या गणितात आहे. उरलेलं निम्मं, माझ्या मते, लिहिणाऱ्यांच्या कार्यालयीन भाषेत. ‘फवारणी करण्यात यावी’ने ‘फवारा’पेक्षा किती चिन्हं खाल्ली ते एकदा मोजून पाहावं.

वरचं उदाहरण मुद्दाम गुलाबी बोंडअळीचं घेतलं, कारण कमी शब्दांतला वेळेवरचा सल्ला कुठे कामी येतो ते तिच्यावरून उत्तम कळतं. मादी पतंग पात्या (कपाशीच्या कळ्या), फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. आत गेलं की भोक बुजतं आणि वरून कितीही फवारलं तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे फवारणी उपयोगी पडण्याची खिडकी फार अरुंद. ती कधी उघडली हे कळायला कामगंध सापळे असतात. मादीच्या गंधासारख्या रसायनाला भुलून नर पतंग त्यात अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. त्याखाली फवारणीचा खर्च वाचवलेल्या कापसापेक्षा जास्त होतो, त्यावर गेल्यास थांबणं महागात पडतं. २०१७च्या हंगामात ही अळी बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेल्या बीटी वाणांनाही न जुमानता महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसूनही अनेकांना त्यांचा अर्थ लागला नव्हता.

या प्रकारचा मेसेज पाठवायचा तर आधी शेतात कुणीतरी पतंग मोजायला हवेत. महाराष्ट्रात ही व्यवस्था सोयाबीनने उभी करून घेतली. २००८च्या खरिपात पानं खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची चाळण केली, आणि २००९-१०पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. कीड सर्वेक्षक ठरलेल्या गावांत ठरलेल्या दिवशी जाऊन अळ्या, पतंग, नुकसान मोजतात. आकडे संगणकावर चढतात. कृषी विद्यापीठांतले तज्ज्ञ ते पाहून सल्ला ठरवतात. आणि पातळी ओलांडलेल्या भागात मेसेज जातात. हवामानाचा सल्ला याहून जुना. कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग पुण्यात १९३२ साली सुरू झाला, आणि आज हवामान खातं व विद्यापीठं मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार सल्ला काढतात. २०१३च्या जुलैत केंद्र सरकारचं ‘एम-किसान’ पोर्टल सुरू झालं, तेव्हापासून असे मेसेज एका जागेवरून धाडता येतात.

ढोबळ सल्ला मात्र नुकसानही करू शकतो. पश्चिम केनियातल्या बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आहेत. सामू (पीएच, आम्लतेचं माप) साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मारक ठरतं, आणि टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. शेतकरी खत टाकतो, मका खुरटाच. उपाय सोपा, चुना टाकणं. पण तिथल्या बहुतेकांना आपली जमीन आम्लधर्मी आहे हेच माहीत नव्हतं. केनिया आणि रवांडात शेतकऱ्यांना ‘तुमच्या भागातली माती आम्लधर्मी आहे, चुना वापरा’ अशा धर्तीचे मेसेज पाठवून सहा प्रयोग केले गेले. चुन्याचा वापर थोडा पण निश्चित वाढला. मजकूर कसा सजवला याने फरक पडला नाही, तोच मेसेज पुन्हा पाठवल्याने थोडा पडला. आता हाच मेसेज महाराष्ट्रात सरसकट पाठवला तर? कोकणातल्या जांभ्याच्या मातीत कदाचित ठीक. मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त काळ्या रानात, जिथे चुना आधीच जास्त आहे, तिथे तो सल्ला पैसे बुडवून पीक बिघडवेल.

२०१९मध्ये रायसा फाब्रेगास, मायकेल क्रेमर आणि फ्रँक शिल्बाख यांनी अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून मांडले. मोबाइलवरच्या सल्ल्याने उत्पादन सरासरी ४ टक्क्यांनी वाढतं, आणि सांगितलेली निविष्ठा (बियाणं, खत यांसारखी) वापरण्याची शक्यता २२ टक्क्यांनी. चार टक्के म्हणजे कुणाचं कर्ज फिटेल इतकं नाही. पण एका मेसेजला लागतात ते काही पैसेच, रुपये नव्हेत, त्यामुळे खर्चाच्या दहापट फायदा होतो असा त्यांचा अंदाज आहे. क्रेमर यांना त्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अर्थात याहून बऱ्याच व्यापक कामासाठी.

वाचता न येणाऱ्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. फोन घरातल्या कर्त्याच्या खिशात आणि निंदणी-खुरपणी बाईच्या हातात, हीही अडचण आहेच. गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांसाठी यावर आवाजाचा तोडगा काढला गेला: आठवड्याला रेकॉर्ड केलेला सल्ला फोनवर ऐकायचा, शंका असेल तर आपल्या आवाजात विचारायची, तज्ज्ञ उत्तर देणार. शॉन कोल आणि निलेश फर्नांडो यांच्या अभ्यासात हे शेतकरी सल्ल्यासाठी नेहमीच्या स्रोतांकडे कमी वळू लागले आणि जास्त विषारी कीटकनाशकांचा वापर घटला. आपल्याकडे बियाणं-औषधांचा दुकानदार हाच पहिला कृषितज्ज्ञ असतो. त्याच्या सल्ल्यात त्याचा माल विकला जाणंही आलं, त्यामुळे दुसरा आवाज कानावर पडणं चांगलंच.

२०२५च्या खरिपात या साऱ्याची मोठी परीक्षा झाली. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दोनच दिवसांत मुंबईत पोचला. राज्यभर लोकांनी तिफणी काढल्या. केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या हंगामात कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मान्सून-आगमनाचे अंदाज तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मेसेजने पाठवले. मराठी ही त्या पाच भाषांपैकी एक. पाऊस लवकर आला तरी मध्येच अडकेल, हे या अंदाजांत दिसलं होतं, आणि तसंच झालं. मान्सूनची वाटचाल जवळपास तीन आठवडे थबकली. पहिल्या सरीवर पेरणाऱ्याच्या वाट्याला अशा वेळी दुबार पेरणी येते, म्हणजे बियाण्याचा खर्च दोनदा. म्हणून तर ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’ असं कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडत असतो. मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये नंतर फोनवरून विचारलं, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी मशागत, पेरणीची वेळ किंवा पीक-निविष्ठांची निवड बदलल्याचं सांगितलं. शेतकऱ्यांनी स्वतः सांगितलेलं हे उत्तर आहे, मोजमाप नव्हे, एवढं ध्यानात ठेवायला हवं. तरी कांद्याच्या भावापेक्षा ही माहिती वेगळ्या जातीची आहे. पेरायचं की आठवडाभर थांबायचं, हे ठरवायला ना टेम्पो लागतो ना अडत्याची परवानगी.

मेसेज एकाच दिशेने जातात, ही उणीव उरतेच. केनियातल्या एका साखर कारखान्याने आपल्या ऊस उत्पादकांना खुरपणी केव्हा, खत केव्हा अशा आठवणी पाठवल्या. पहिल्या प्रयोगात उत्पादन साडेअकरा टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्यात काहीच नाही. त्याच संशोधकांनी वेगळा एक प्रयोग केला. कारखान्याकडून येणारं खत पोचलं नाही तर शेतकऱ्याने कळवायचं, एवढ्यासाठी एक फोन नंबर दिला. खत उशिरा मिळाल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं. तिथे शेतकऱ्याला काहीच शिकवलं गेलं नव्हतं. ऐकायचं काम कारखान्याने केलं होतं. आपल्याकडे किसान कॉल सेंटर २००४पासून आहे, नंबर १८००-१८०-१५५१, आणि तिथे मराठीत उत्तर मिळतं. त्या फोनवर रोज कुठल्या तालुक्यातून कुठल्या किडीबद्दल किती जण विचारतात, हे दुसऱ्या दिवशीच्या मेसेजच्या यादीत उतरलं तर सर्वेक्षकाच्या आठवड्याच्या फेरीआधीच बोंडअळीचा सुगावा लागू शकेल.